समुद्राकाठचं घर आणि चुलीचा प्रश्न

छत्रपती संभाजीनगरला समुद्र कुठूनच जवळ नाही. महाराष्ट्राला ७०० किलोमीटरहून लांब किनारा लाभला, पण मराठवाड्याच्या ८ जिल्ह्यांच्या वाट्याला त्यातला हातभरही आलेला नाही. मालवणला जायचं तर अहिल्यानगर, पुणे, कोल्हापूर करत ६०० किलोमीटरच्या घरात अंतर पडतं आणि शेवटी फोंडा किंवा आंबोलीचा घाट उतरावा लागतो. रेल्वेनं जायचं तर आधी मुंबई किंवा पनवेल गाठून कोकण रेल्वेची गाडी बदलायची. इतक्या लांब माणूस एकटादुकटा जात नाही. दोन भावांची कुटुंबं, आजी-आजोबा, एखादी आत्या अशी दहा-बारा माणसं टेम्पो ट्रॅव्हलर ठरवून निघतात आणि मग हॉटेलचा हिशेब बसेनासा होतो. चार खोल्या घ्यायच्या, त्याही दोन मजल्यांवर विखुरलेल्या. आजोबांना पहाटे पाचला चहा हवा असतो आणि हॉटेलचं स्वयंपाकघर सात-साडेसातशिवाय जागं होत नाही. मग सिडकोत, गारखेड्यात, दिवाळीआधीच्या घरगुती बैठकीत कुणीतरी म्हणतंच, ‘त्यापेक्षा अख्खं घरच भाड्यानं घेऊ की.’

युरोपातली कुटुंबं कित्येक दशकं हेच करत आली आहेत. उन्हाळा आला की ती भूमध्य समुद्रातल्या बेटांकडे वळतात. स्पेनचं मायोर्का, ग्रीसचं क्रीट, इटलीचं सार्डिनिया. किनाऱ्याजवळचा फ्लॅट तिथं बहुधा आठवड्याच्या हिशेबानं मिळतो. एका शनिवारी शिरायचं आणि पुढच्या शनिवारी किल्ली परत द्यायची. भांडीकुंडी, फ्रिज, कपडे धुण्याचं मशीन घरातच असतं. बाजारातून पाव, चीज, टोमॅटो, ऑलिव्ह आणले की दुपारचं जेवण उरकलं. चूल पेटवली नाही तरी कुणाचं काही अडत नाही.

मराठी कुटुंबाचं अडतं. कणीक भिजवायची, कुकर लावायचा, आजीचं बिनतिखटाचं वेगळं काढायचं. संध्याकाळी समुद्रात भिजून आलेली बारा माणसं ‘खायला काय आहे?’ म्हणत ओट्याभोवती जमतात आणि घरी जी ओट्यापाशी उभी असते, तीच बाई इथंही उभी राहते. जाहिरातीत ‘सुसज्ज किचन’ हे शब्द मोठ्या अक्षरांत असतात. ते वाचून हरखतं कोण आणि धास्तावतं कोण, हे घरोघरी विचारण्यासारखं आहे. सुट्टीचं घर शोधताना समुद्र किती पावलांवर आहे हे सगळे विचारतात. चूल कोण सांभाळणार, हे त्याच्याआधी ठरायला हवं.

कोकणानं या प्रश्नाचं आपलं उत्तर काढलेलं आहे. ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशी पाटी आज अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत दिसते. खोली पाहुण्यांची, स्वयंपाकघर यजमानांचं. राहण्याचे पैसे खोलीवर, जेवणाचे ताटावर. सकाळी घावन किंवा आंबोळी, दुपारी किती पानं मांडायची ते नाश्त्याच्या वेळीच सांगायचं. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी.

ही पद्धत एखाद्या गावात कशी रुजते, याची दिवेआगरची कथा बोलकी आहे. रायगड जिल्ह्यातल्या या गावात १७ नोव्हेंबर १९९७ रोजी सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली आणि तीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. दर्शनाला रीघ लागली. आलेल्यांना जेवायचं होतं, रात्र काढायची होती, आणि मोठी हॉटेलं गावात नव्हती. नारळी-पोफळीतल्या घरांनी पाहुण्यांसाठी दारं उघडली आणि वाडीवर जगणाऱ्या गावाला दुसरा धंदा मिळाला. पुढे २४ मार्च २०१२ रोजी दरोडेखोरांनी दोन राखणदारांचा जीव घेऊन मुखवटा पळवला. गणपतीसोबत पाहुणेही आटले. त्यातून सावरत असतानाच ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ नेमकं याच पट्ट्यावर आदळलं आणि बागा आडव्या झाल्या. पोफळ नव्यानं लावली तर सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. खोलीवरची उडालेली कौलं त्यामानानं लवकर चढवता येतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये मंदिरात नवा सुवर्ण मुखवटा बसवण्यात आला. अशा गावात ताटामागे पाच-पन्नास रुपयांची घासाघीस करण्याआधी एवढा इतिहास ठाऊक असलेला बरा.

सरकारी चौकटीतही या घरांना जागा आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची ‘निवास व न्याहारी’ योजना जुनी आणि ओळखीची. केंद्राच्या अशाच योजनेत मालकानं त्याच घरात राहणं सक्तीचं आहे आणि पाहुण्यांसाठी जास्तीत जास्त ६ खोल्या, म्हणजे १२ खाटा, ठेवता येतात. किनारा नियमन क्षेत्राचे नियम समुद्रालगत नवं बांधकाम सहजी करू देत नाहीत. स्थानिकांना मात्र आहे त्या घराचा जोता आणि दर्शनी भाग न बदलता होमस्टे चालवायची मुभा आहे. म्हणून अगदी लाटांजवळची राहण्याची जागा बरेचदा जुनं कौलारू घर असते. लाटांजवळ चकचकीत तीन मजली इमारत दिसली, तर तिचे कागद विचारायला हरकत नाही.

गुहागरला गेलं की या घरांची ठेवण नीट कळते. गाव समुद्राला समांतर लांबच लांब पसरलेलं, वरचा पाट आणि खालचा पाट. रस्त्याला घराचं तोंड, मागे नारळ-सुपारीची वाडी आणि वाडी संपली की वाळू. इथल्या अनेक घरांत शाकाहारी जेवण मिळतं. आमटी-भात, ओल्या खोबऱ्याची भाजी, सोलकढी. मराठवाड्यातल्या आजींना हे मानवतं. ज्वारीच्या भाकरीची आठवण मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी निघतेच, कारण इथली भाकरी तांदळाची. अनुभवी मंडळी डब्यात शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि दोन दिवसांचे धपाटे ठेवूनच निघतात.

मालवण-तारकर्लीचा बाज वेगळा. सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तारकर्लीत पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, स्कूबा डायव्हिंगचं प्रशिक्षण केंद्र आहे, आणि तिथून देवबागच्या टोकापर्यंत एका अंगाला समुद्र नि दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी अशा चिंचोळ्या पट्टीवर घराला घर लागून होमस्टे आहेत. बेटाची हौस असेल तर समोर कुरटे बेट आहेच. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये त्यावर सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू केलं. इथल्या ताटात सुरमई, बांगडा, तिसऱ्या, कोंबडी-वडे. घरात एकादशी पाळणारं कुणी असेल तर बुकिंग करतानाच सांगावं. शाकाहारी जेवण देतात, पण भांडी वेगळी असतात का, हे विचारायला लाजू नये आणि नाही म्हटलं तर रागावू नये.

गोव्यात गणित उलटतं. तिथं मालक बहुधा भेटतच नाही. कांदोळी, कळंगुट, बाणावलीकडे पोहण्याचा तलाव असलेल्या संकुलांतून दिल्ली, मुंबई, बंगळुरूच्या लोकांनी फ्लॅट घेऊन ठेवलेले आहेत. मालक नसताना ते एअरबीएनबीसारख्या ॲपवर भाड्यानं चढतात. किल्ली राखणदाराकडे किंवा दारावरच्या आकडे दाबायच्या कुलुपात. भूमध्य समुद्राकाठच्या फ्लॅटची ही खरी भारतीय आवृत्ती, त्यातल्या ओट्यासकट. बारा जणांना तीन खोल्यांचे दोन फ्लॅट शेजारी-शेजारी मिळाले तर दरडोई खर्च हॉटेलपेक्षा खासा कमी येतो. पण मग चूल? जाणती कुटुंबं सकाळचा चहा-नाश्ता घरी आणि बाकी दोन्ही वेळा बाहेर, असं निघतानाच ठरवून टाकतात. काही संकुलांत सांगून ठेवलं तर स्वयंपाकाला बाई मिळते. तिचे पैसे भाड्याच्या हिशेबातच धरावेत, वरखर्चात नव्हे. आणि पुरुषांनी भांडी घासली तर कळंगुटची वाळू काही खचत नाही.

वाळूवरच चूल मांडण्याचा जुना उपाय आता बंद आहे. बस उभी करून किनाऱ्यावर भात शिजवणारे गट गोव्याला इतके नकोसे झाले, की २०१९ मध्ये पर्यटन स्थळांच्या कायद्यात दुरुस्ती करून उघड्यावर स्वयंपाक करायला आणि दारू प्यायला बंदी घातली गेली. तेव्हा ठरलेला दंड एकट्याला २,००० रुपये, घोळक्याला १०,००० रुपये. पर्यटकांना घर भाड्यानं देणाऱ्यानं गोव्यात १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदणी करायची असते. नोंदणी क्रमांक विचारावा. खरा मालक तो बिनदिक्कत देतो. भाड्याची स्कूटर किंवा मोटार घ्यायची तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्यावी. पांढऱ्या पाटीची स्वस्त गाडी रस्त्यात अडवली की सुट्टीतली एक सकाळ पोलिसांसमोर जाते.

भूमध्य समुद्रातल्या ज्या बेटांवर फ्लॅट भाड्यानं घेण्याची ही पद्धत रुळली, तिथं आता तिच्याविरुद्ध मोर्चे निघतात. मायोर्काची राजधानी पाल्मा इथं इमारतींमधले फ्लॅट पर्यटकांना भाड्यानं द्यायला २०१८ पासून बंदी आहे. शिक्षिका, परिचारिका, वेटर यांना राहायला परवडणारं घर उरत नाही, ही तिथली तक्रार. २०२४ च्या उन्हाळ्यात त्यासाठी हजारो लोक रस्त्यावर उतरले. बार्सिलोनानं तर पर्यटक फ्लॅटचे दहा हजारांवर परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवायचं जाहीर केलं आहे. जर्मनी-इंग्लंडमधल्या नातेवाइकांच्या भरवशावर तिकडच्या फ्लॅटचा बेत करणाऱ्यांनी परवाना क्रमांक बघूनच पैसे भरावेत, कारण शेंगेन व्हिसाच्या अर्जालाही राहण्याच्या जागेचा पुरावा जोडावा लागतो. कोकणातल्या यजमानाचं घर या वादातून बरंचसं सुटतं, कारण तो स्वतः त्याच घरात राहतो.

आता बुकिंगबद्दल. नकाशावर सरळ रेषेत मोजलेल्या अंतरावर कोकणात विश्वास ठेवू नये. देवबागच्या टोकावरून पलीकडचा भोगवे किनारा समोर दिसतो, होडीनं काही मिनिटांत गाठता येतो. गाडीनं जायचं तर खाडीला वळसा घालून तास मोडतो. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीत गाडी चढवली की वाशिष्ठी पार, नाहीतर चिपळूणवरून फेरा. म्हणून घर कुठल्या तीरावर आहे ते आधी पाहावं. वाडीतल्या घरापर्यंतची पाणंद अरुंद असते. टेम्पो ट्रॅव्हलर दारात जाईल का, हे न विचारल्यास बॅगा डोक्यावर येतात.

पाण्याचं विचारायला संभाजीनगरकरांना शिकवावं लागत नाही. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरातली माणसं ‘टाकी किती लिटरची?’ हे समुद्राच्या आधी विचारतात, आणि बरोबरच करतात. भरपूर पाऊस पिणाऱ्या कोकणातही मे महिन्यात विहिरी तळाला जातात, किनाऱ्यालगतच्या काहींना खारट चव येते. बारा माणसं दिवसातून दोनदा वाळू धुणार असतील तर हा प्रश्न गंभीर आहे.

पैशांचा मामला सोपा ठेवावा. हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या संकेतस्थळांवर आगाऊ रक्कम भरून फसलेले पर्यटक दर हंगामात निघतात. यजमानाशी व्हिडिओ कॉलवर बोलावं, घर फिरून दाखवायला सांगावं, पैसे ज्याच्या नावावर जातात ते नाव आणि घरमालकाचं नाव जुळतं का ते बघावं. हॉटेल-निवासावर दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे. लहान होमस्टेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणीची सक्ती नसते. पण ॲपवरून बुक केलं की ॲपवाला कर लावतो, म्हणून तीच खोली थेट फोनवर थोडी स्वस्त पडू शकते.

उरला काळ. नाताळ ते नववर्ष हा आठवडा पैसेवाल्यांना सोडून द्यावा. मे महिन्यात संभाजीनगरचा पारा चाळिशीला टेकतो आणि किनाऱ्यावर तो तेहतीस-चौतीसच्या आसपास असतो खरा, पण घाम असा फुटतो की मराठवाड्याची कोरडी हवा आठवावी. आंबे मात्र तेव्हाच. ज्यांना गर्दी नको आणि खिसाही सांभाळायचा आहे, अशांसाठी जूनचा पहिला पंधरवडा आहे. शाळा साधारण १५ तारखेनंतर उघडतात आणि यजमान भावात ऐकतात. त्या दिवसांत स्कूबा, पॅरासेलिंग आणि किल्ल्याच्या होड्या बंद असतात. समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे पोरांना गुडघाभर पाण्यापलीकडे सोडायचं नाही. शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असल्यानं ताज्या सुरमईचा आग्रह धरण्यात अर्थ नसतो. यजमानीणबाई त्याऐवजी सोड्यांची खिचडी, सुकटीची चटणी किंवा खाडीतलं जे मिळेल ते वाढतात, आणि ताटाचा भाव हंगामापेक्षा कमी लावतात.