इंडिकेटर भराभर लुकलुकतोय?

ताईंनो, ग्रामसंघाच्या मीटिंगला गाडीवर निघालात आणि एका बाजूचा इंडिकेटर भराभर लुकलुकायला लागला, तर त्या बाजूचा पुढचा किंवा मागचा बल्ब बहुतेक गेलाय. चांगला इंडिकेटर मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकतो. एक बल्ब बंद पडला की वीज कमी लागते, म्हणून फ्लॅशर घाई करतो.

गाडी बाजूला घेऊन दोन्ही दिवे बघा. चावी बंद करून बंद पडलेला बल्ब काढा. आतली तार तुटली असेल तर तेवढ्याच वॅटचा नवा घाला. तार शाबूत असेल तर होल्डरमधला गंज पुसा. आपल्या मुळशीच्या पावसात तो धरतोच. एलईडी बसवला असेल तर त्याचा वेगळा फ्लॅशर लागतो.

दुरुस्ती उद्यावर टाकू नका. ताम्हिणीच्या धुक्यात तुम्ही वळताय हे मागच्याला दिव्यावरूनच कळतं.