विश्लेषण : मुंबईने कोलकात्यात जाऊन चषक कसा जिंकला? 19 दिवसांत बाजी उलटवणाऱ्या अंतिम सामन्याची गोष्ट

भारतीय फुटबॉल म्हटले की आधी कोलकाता आठवते आणि मग गोवा. मुंबईचे नाव बऱ्याच उशिरा निघते. पण 4 मे 2024 च्या रात्री कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर 62 हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर मुंबई सिटी एफसीने मोहन बागानला 3-1 असे हरवले आणि इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) चषक उचलला. याच मैदानावर, याच संघाकडून मुंबई अवघ्या 19 दिवसांपूर्वी हरली होती. त्या 19 दिवसांत नेमके काय घडले आणि या सामन्याला एवढे महत्त्व का, याचा हा आढावा.

एकाच स्पर्धेत ढाल आणि चषक वेगळे कसे?

क्रिकेट पाहणाऱ्याचा इथे गोंधळ होतो. आयपीएलमध्ये गुणतक्त्यात पहिला आलेल्या संघाला वेगळे विजेतेपद मिळत नाही. आयएसएलमध्ये तेव्हा मिळायचे. त्या मोसमात 12 संघ होते. प्रत्येकाने 22 सामने खेळले. सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या संघाला ‘लीग शील्ड’, म्हणजे ढाल मिळायची. त्यानंतर पहिल्या सहा संघांत बाद फेरी व्हायची. पहिले दोन संघ थेट उपांत्य फेरीत जायचे, उरलेले चार संघ दोन जागांसाठी झुंजायचे. अंतिम सामना जिंकणारा संघ चषक न्यायचा.

ढालीला मान आहे, कारण ती मोसमभराच्या सातत्याचे फळ असते. शिवाय त्या मोसमात आशियाई स्पर्धेचा दरवाजाही ढाल जिंकणाऱ्यालाच उघडणार होता. चषक मात्र एका रात्रीचा खेळ. त्या रात्री पाय घसरला, तर आधीचे सगळे वाया. दोन्ही जिंकणे म्हणजे दुहेरी मुकुट. 2024 पर्यंत तो एकाच संघाला जमला होता, 2020-21 मध्ये मुंबई सिटीला.

वैर कुठून सुरू झाले?

मोहन बागानची स्थापना 1889 ची. 1911 मध्ये या क्लबच्या खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशर रेजिमेंटला 2-1 असे हरवून आयएफए शील्ड जिंकली, तो विजय स्वातंत्र्यलढ्याच्या आठवणींत जाऊन बसला. मुंबई सिटीचा जन्म 2014 चा. दोघांत सव्वाशे वर्षांचे अंतर. त्यामुळे वैर जुने नाही, पण ते झपाट्याने पेटले.

2020-21 मध्ये करोनामुळे अख्खी स्पर्धा गोव्यात, रिकाम्या मैदानांवर झाली. साखळीअखेर दोन्ही संघांचे 40 गुण झाले. शेवटच्या सामन्यात मुंबईने तेव्हाच्या एटीके मोहन बागानला 2-0 असे हरवून ढाल घेतली. दोन आठवड्यांनी 13 मार्च 2021 रोजी फातोर्ड्यात अंतिम सामन्यात पुन्हा हेच दोघे भिडले. 1-1 अशी बरोबरी असताना 90व्या मिनिटाला मणिपूरच्या बिपिन सिंगने गोल केला आणि चषकही मुंबईला आला.

पुढे डिसेंबर 2023 मध्ये अंधेरीत दोघांची गाठ पडली. मुंबईने सामना 2-1 असा जिंकला, पण चर्चा झाली ती पंचांनी दाखवलेल्या 7 लाल कार्डांची. दोन्ही संघ एकमेकांना कसे पाहतात, हे त्या आकड्यावरून कळते.

15 एप्रिलला काय झाले?

2023-24 च्या साखळीतील शेवटचा सामना सॉल्ट लेकवर होता. मुंबईचे 47 गुण होते, बागानचे 45. म्हणजे मुंबईला बरोबरीही पुरेशी होती, बागानला जिंकणे भाग होते. 28व्या मिनिटाला गोव्याच्या लिस्टन कोलासोने बागानला आघाडी मिळवून दिली. 80व्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या जेसन कमिंग्जने दुसरा गोल केला. 89व्या मिनिटाला लालियानझुआला छांगटेने एक गोल फेडला, पण वेळ उरला नव्हता. बागान 48 गुणांवर, मुंबई 47 वर. एका गुणाने ढाल गेली.

मुंबईसाठी तो मोसम आधीच अवघड होता. प्रशिक्षक डेस बकिंगहॅम मोसमाच्या मध्यातच इंग्लंडमधील ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले होते. स्कॉटलंडचा ग्रेग स्टुअर्ट जानेवारीत संघ सोडून गेला. डिसेंबरमध्ये आलेल्या पीटर क्रात्की यांना घडी बसवायला वेळच मिळाला नव्हता. त्यात हातातली ढाल निसटली.

मग संघ सावरला कसा?

उत्तर गोव्यात मिळते. 24 एप्रिलला उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात एफसी गोवा 90व्या मिनिटापर्यंत 2-0 ने पुढे होता. पुढच्या काही मिनिटांत छांगटेने एक, विक्रम प्रताप सिंगने एक आणि पुन्हा छांगटेने एक असे तीन गोल झाले. मुंबई 3-2 ने जिंकली. 29 एप्रिलला घरच्या मैदानावर 2-0 असा विजय मिळवून संघाने अंतिम फेरी गाठली. दुसरीकडे बागानने ओडिशाविरुद्धचा पहिला सामना गमावला होता, पण कोलकात्यातील परतीचा सामना 2-0 ने जिंकून त्यांनीही मुसंडी मारली.

नियमानुसार अंतिम सामना वरच्या क्रमांकाच्या संघाच्या मैदानावर. म्हणजे पुन्हा सॉल्ट लेक. प्रशिक्षक अँटोनियो लोपेझ हबास यांचा बागान संघ दुहेरी मुकुटापासून एक पाऊल दूर होता.

अंतिम सामना कुठे फिरला?

पहिला घाव बागानचा. 44व्या मिनिटाला दिमित्री पेत्रातोसचा फटका गोलरक्षक फुर्बा लाचेन्पाने अडवला, पण परतलेला चेंडू कमिंग्जने जाळ्यात धाडला. मध्यंतराला 1-0. स्टेडियममध्ये सोहळ्याचे वातावरण.

मध्यंतरानंतर आठच मिनिटांनी अल्बर्टो नोगुएराने मागून लांब चेंडू टाकला. होर्हे पेरेरा दियाझ बचावफळीच्या पुढे निघाला आणि 53व्या मिनिटाला बरोबरी झाली. घरच्या प्रेक्षकांचा दबाव आता घरच्याच संघावर आला. 81व्या मिनिटाला बदली खेळाडू याकुब वोइतुशकडून आलेल्या चेंडूवर गोल करणारा होता बिपिन सिंग. तीन वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्यातही निर्णायक गोल त्याचाच होता. भरपाई वेळेच्या सातव्या मिनिटाला वोइतुशने तिसरा गोल करून शिक्कामोर्तब केले.

चषक उचलणारा कर्णधार होता मुंबईचाच राहुल भेके. मोठ्या रात्री त्याला नव्या नव्हत्या. 2019 मध्ये अंधेरीत झालेल्या अंतिम सामन्यात बंगळूरुकडून खेळताना अतिरिक्त वेळेत त्याच्याच हेडरने गोव्याविरुद्ध चषक मिळवून दिला होता.

हा विजय ऐतिहासिक का?

त्यासाठी मागे जावे लागते. 1891 मध्ये मुंबईत रोव्हर्स चषक सुरू झाला. देशातील सर्वात जुन्या स्पर्धांपैकी ही एक. कुपरेजवर वर्षानुवर्षे तिचे सामने रंगले. पण मैदान मुंबईचे असले, तरी चषक बहुधा बाहेर जायचा. एकट्या मोहन बागानने तो 14 वेळा नेला. 2000-01 च्या मोसमानंतर स्पर्धा बंद पडली, तेव्हा शेवटचा विजेताही बागानच होता. मुंबईत येऊन चषक नेण्याची ती जुनी रीत 2024 मध्ये उलटी फिरली. या वेळी मुंबईकर कोलकात्याला गेले आणि चषक घेऊन परतले.

दुसरे कारण आकड्यांत आहे. 2020-21 ते 2024-25 या पाच मोसमांत एकूण 10 किताब होते. पाच ढाली, पाच चषक. त्यापैकी मुंबईने चार जिंकले, बागाननेही चार. उरलेले दोनच किताब जमशेदपूर आणि हैदराबादला मिळाले. बागानने हुकलेला दुहेरी मुकुटही पुढच्याच मोसमात मिळवला. 12 एप्रिल 2025 रोजी याच सॉल्ट लेकवर त्यांनी बंगळूरुला अतिरिक्त वेळेत 2-1 असे हरवले.

पुणे जिल्ह्यातील चाहत्याने काय घ्यायचे?

तळेगाव ढमढेरे, शिरूर किंवा दौंडच्या चाहत्याला एकेकाळी सामन्यासाठी मुंबईकडे बघावे लागत नव्हते. एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर बालेवाडीचे मैदान होते आणि पुण्याचा स्वतःचा संघ होता. 2007 मध्ये सुरू झालेला पुणे एफसी 2012-13 च्या आय-लीगमध्ये दुसरा आला. 2014 पासून एफसी पुणे सिटी आयएसएलमध्ये खेळू लागला. 2019 मध्ये तो संघ बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. त्याच हैदराबादने 2022 मध्ये आयएसएल चषक जिंकला.

पुण्याने जागा गमावली आणि तिसऱ्याच मोसमात त्या जागेवर दुसऱ्या शहराने चषक उचलला. मुंबईची गोष्ट याच्या शेजारी ठेवली, तर फरक लक्षात येतो. मुंबई सिटीलाही पहिली सहा वर्षे चषक मिळाला नव्हता. फरक इतकाच, की तो संघ मैदानात टिकून राहिला. 15 एप्रिलची हार 4 मे रोजी फेडता येते, पण त्यासाठी 4 मे रोजी संघ उभा असावा लागतो.