नावाची चिठ्ठी

दहावीच्या प्रमाणपत्रावर आधी आडनाव, मग आपले नाव, मग वडिलांचे, ही महाराष्ट्रातली जुनी रीत. इतर कित्येक कागदांवर मात्र आडनाव शेवटी. ‘शेख’ तर कुणाच्या नावाआधी येते, कुणाच्या नावानंतर. वाचणारा माणूस समजून घेतो. संगणक ‘पहिला शब्द म्हणजे नाव’ एवढेच धरून बसला, तर आडनावाचेच नाव होते.

गोराईची खाडी ओलांडणाऱ्या बोटीत दहा पिशव्या ठेवल्या आहेत असे समजा. कोणती कुणाची हे जागेवरून ठरवले, तर बोट हलताच घोटाळा. प्रत्येकीवर चिठ्ठी असेल, तर क्रम कसाही असो.

पायथन या संगणकभाषेत अशा चिठ्ठ्या लावलेल्या माहितीच्या गाठोड्याला ‘डिक्शनरी’ म्हणतात. माहिती पुढे देताना गाठोड्याआधी दोन तारका टाकल्या, की ते सुटते आणि प्रत्येक वस्तू आपल्या चिठ्ठीसह पुढच्या ‘मॉडेल’कडे जाते. मॉडेल म्हणजे रकाने आखलेला कोरा अर्ज. चिठ्ठीवरचा शब्द आणि रकान्याचा शब्द जुळला, की नोंद झाली.

जुळणी मात्र अक्षरशः लागते. चिठ्ठीवर ‘आडनाव’ आणि अर्जात ‘कुलनाम’ असेल, तर पायथन तिथेच अडतो. सक्तीचा रकाना रिकामा राहिला, तरी अडतो.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत, राज्य सरकारच्या निर्णयानुसार, मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आला. आता जुन्या अर्जाला ‘आईचे नाव’ ही चिठ्ठी अनोळखी, आणि नव्या अर्जाला जुन्या नोंदीत ती सापडत नाही. इथे यंत्र अडले तर बरेच, कारण चूक दिसते. काही साधने अनोळखी चिठ्ठी मुकाट्याने टाकून देतात. मग सरकारी निर्णयाने कागदावर आलेली आई संगणकात हरवते आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

म्हणून गाठोडे सोडण्यापूर्वी कोणती चिठ्ठी कोणत्या रकान्यात जाणार, याचा तक्ता माणसाने करायचा. काय गाळायचे, तेही उघडपणे ठरवायचे. आणि ज्या घरांत आडनाव नसतेच, त्यांच्यासाठी तो रकाना सक्तीचा ठेवायचा नाही. नाहीतर खिडकीपलीकडचा कारकून त्यात काहीतरी भरतो, आणि तेच पुढे जन्मभर कागदोपत्री चिकटते.