पाठीवरचें पोतें आणि संघाची वर्गणी

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यांत अजून ऐकूं येते. जालना जिल्हा औरंगाबादेपासून वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजीं. पण व्यापाराचें गांव म्हणून जालन्याची ख्याति त्याहून पुष्कळ जुनी. आज तेथें धान्याचा मोंढा आहे, बियाण्यांचा धंदा आहे, लोखंडी सळयांचे कारखाने आहेत. हा सारा माल ज्याच्या पाठीवरून चढतो-उतरतो, तो हमाल मात्र ह्या सोन्याच्या पाळण्यांत क्वचितच दिसतो. आपल्या घरीं वर्षाचा गहूं येऊन पडतो, तेव्हां तरी पोतें आणणाऱ्याचा विचार आपण कितीसा करतों?

हमालाची मजुरी पोत्यागणिक. माल आला तर पैसा, न आला तर दिवस कोरडा. गिरणीकामगाराला निदान एक धनी असतो. हमालाचा धनी रोज निराळा. मग आजारपणांत त्यानें कोणाकडे पाहावें, आणि म्हातारपणाची पुंजी कोणीं सांठवावी? एकटा हमाल दरासाठीं अडून बसला, तर दुसरा तेंच पोतें उचलतो. सर्वांनीं मिळून दर ठरविला, तरच तो टिकतो. संघाच्या सभासदत्वाचा मजुरीशीं संबंध मुळांत एवढाच आहे.

हें जाणून पुण्यांत १९५५ सालीं डॉ. बाबा आढाव यांनीं हमाल पंचायत उभी केली, आणि मुंबईंत अण्णासाहेब पाटील यांनीं माथाडी कामगारांना एकत्र आणलें. अशा संघटित प्रयत्नांतून १९६९ सालीं महाराष्ट्रांत माथाडी कायदा झाला. त्याची योजना साधी पण विलक्षण आहे. मालक, कामगार आणि सरकार ह्या तिघांचे प्रतिनिधि असलेलें मंडळ नेमावयाचें. कामगारानें व मालकानें तेथें नांव नोंदवावयाचें. मालक मजुरी मंडळाकडे भरतो आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही देतो. ह्या लेव्हींतून भविष्यनिर्वाह निधि, रजा, बोनस, औषधोपचार यांची तरतूद होते. रोज बदलणारे धनी अनेक; पण पगार देणारा हात एक झाला.

येथें चाणाक्ष वाचक विचारतील, ‘लाभ जर मंडळांतील नोंदीवर मिळतो, तर संघाची वर्गणी कशाला द्यावी?’ ह्याचें उत्तर जुन्या इतिहासांत आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीनें मुंबईच्या गिरणीकामगारांना १८९० सालीं रविवारची सुटी मिळाली. ती सर्वांनाच मिळाली. परंतु लोखंड्यांच्या मंडळाला ना सभासदांची यादी होती, ना वर्गणीचा निधि. १८९७ सालीं ते वारले, आणि मंडळाचा जोरही ओसरला. मिळविलेलें राखण्यास माणसें लागतात, आणि माणसें धरून ठेवण्यास वर्गणी लागते. एकत्र कुटुंबांत चुलीवरचें अन्न सर्वांनाच मिळतें. पण प्रत्येक भाऊ ‘दुसरा घालील’ म्हणून हात आखडूं लागला, तर चूल किती दिवस पेटेल?

संघ म्हणजे जादूची कांडी नव्हे, हेंही सांगितलें पाहिजे. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईचे सुमारें अडीच लक्ष गिरणीकामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं संपावर गेले. एकजूट अपूर्व होती. पण संप विधिपूर्वक मिटला असें कधीं झालेंच नाहीं, आणि हजारो घरांची भाकर गेली. धंदाच डबघाईस आला असतां केवळ संख्येच्या बळावर पगार वाढत नाहीं.

तरीही संघाविना हमालाला जी दशा येते, ती आपण दारांत रोज पाहतों. पुढच्या वेळीं गहूं घेतांना दुकानदाराला एवढें विचारावें, ‘ह्या हमालाची मंडळांत नोंद आहे ना?’ आपल्या ताटांतील पोळीचा भार त्याच्या पाठीवरून आलेला असतो. म्हातारपणीं त्या पाठीला टेकूं मिळाला कीं नाहीं, ही चौकशी सुशिक्षित घरांनीं करूं नये, तर कोणीं करावी?