‘दशावतार’ला गर्दी झाली, ‘पिकासो’ कुणी पाहिला?

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘दशावतार’ प्रदर्शित झाला आणि मराठी चित्रपटाला प्रेक्षक मिळत नाही, ही नेहमीची तक्रार काही आठवडे तरी मागे पडली. सुबोध खानोलकर यांच्या या चित्रपटात दिलीप प्रभावळकर यांनी साकारलेला वयोवृद्ध दशावतारी कलावंत पाहायला कुटुंबेच्या कुटुंबे चित्रपटगृहांत गेली. पेडण्याकडच्या जत्रांत रात्र जागवून दशावतारी नाटके पाहणाऱ्या गोमंतकीय प्रेक्षकाला तर हे सारे घरचेच होते. मात्र त्या गर्दीतल्या किती जणांनी ‘पिकासो’ पाहिला आहे, असे विचारले तर फार हात वर होणार नाहीत. दशावताराचा रंगमंच, त्यामागची रंगभूषा आणि मुखवट्याआडच्या माणसाची परवड या चित्रपटाने साडेचार वर्षे आधीच पडद्यावर आणली होती. राष्ट्रीय पुरस्कारांत त्याची विशेष दखलही घेतली गेली होती.

अभिजीत मोहन वारंग दिग्दर्शित ‘पिकासो’ अवघ्या सव्वा तासाच्या आसपासचा आहे. कोकणातल्या एका गावचा शाळकरी मुलगा चित्रकलेच्या शिष्यवृत्तीसाठी निवडला जातो. पुढच्या फेरीसाठी थोडे शुल्क भरायचे असते. पण ती थोडी रक्कमही घरात नाही. बाप दशावतारात काम करणारा, गुणी, परंतु दारूच्या आहारी गेलेला. मुलगा निरोप घेऊन बापाकडे जातो तो नेमका नाटकाच्या रात्री. पुढचा बराचसा चित्रपट त्या एका रात्रीत, देवळाच्या आवारात घडतो. प्रसाद ओक यांनी बापाची भूमिका करताना कुठेही दया मागितलेली नाही. रंग चढलेला चेहरा आणि रंग उतरल्यावरचा चेहरा यांत जे अंतर पडते, त्यातच सारी गोष्ट सांगून होते. दशावतार येथे शोभेसाठी आणलेला नाही. तो त्या घराचा पोटापाण्याचा उद्योग आहे आणि त्या घराच्या ओढगस्तीचे कारणही.

मग तो नजरेआड का राहिला? एक कारण कॅलेंडरात सापडते. ‘पिकासो’ १९ मार्च २०२१ रोजी थेट अ‍ॅमेझॉन प्राइमवर आला. करोनाची दुसरी लाट तेव्हा उंबरठ्यावर होती आणि पुढच्या काही आठवड्यांत लोकांचे लक्ष खाटा, प्राणवायू आणि लसींच्या रांगांकडे वळले. त्याच दोन महिन्यांत आणखी तीन मराठी चित्रपट अशाच रीतीने घरच्या पडद्यावर उतरले : ३० एप्रिलला नेटफ्लिक्सवर ‘द डिसायपल’, ७ मे रोजी प्राइमवर ‘फोटोप्रेम’ आणि २१ मे रोजी सोनी लिव्हवर ‘दिठी’. एरवी वर्षभरात मिळून असे चार चित्रपट आले तरी समीक्षकांनी ते वर्ष चांगले म्हटले असते. येथे ते एका अत्यंत वाईट उन्हाळ्यात आले आणि त्यांची चर्चा व्हायची ती झालीच नाही.

यांपैकी ‘दिठी’ची उपेक्षा सर्वांत जास्त खटकते. सुमित्रा भावे यांचा हा अखेरचा चित्रपट. १९ एप्रिल २०२१ रोजी त्यांचे निधन झाले आणि तो प्रेक्षकांसमोर आला त्यानंतर महिन्याभराने. दि. बा. मोकाशी यांच्या ‘आता आमोद सुनासि आले’ या कथेवर तो आधारलेला आहे. रामजी लोहार वर्षानुवर्षे पंढरीची वारी करतो आहे. त्याचा तरुण मुलगा पुरात वाहून जातो आणि इतक्या वर्षांच्या भक्तीचे काय झाले, या प्रश्नाने तो आतून फुटतो. गावातली वृद्ध मंडळी त्याला पोथीजवळ बसवतात, समजूत काढू पाहतात. परंतु शब्दांनी काही होत नाही. बाहेर पाऊस कोसळतो आहे. अशा वेळी गावातली एक गाय अडते. अडलेले जनावर सोडवण्याचे कसब रामजीच्याच हातात आहे. तो जातो की नाही आणि गेल्यावर काय घडते, हे पाहण्यासारखे आहे. ते सांगून टाकण्यासारखे नाही.

किशोर कदम यांचा रामजी हा अलीकडच्या मराठी अभिनयातला एक मोठा ऐवज आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी. त्यांच्याभोवती मोहन आगाशे, गिरीश कुलकर्णी, उत्तरा बावकर, अमृता सुभाष असा संच आहे आणि त्यात दिलीप प्रभावळकरही आहेत. ‘दशावतार’मधल्या त्यांच्या कामाने भारावलेल्या प्रेक्षकाने हा चित्रपट शोधून पाहायला हरकत नाही, अगदी वेगळे, आवाज न चढवणारे काम येथे दिसेल. वारकरी संप्रदायावरचे चित्रपट बहुधा चमत्काराच्या वाटेने जातात. ‘दिठी’तला अनुभव चिखल, रक्त आणि वासराचे ओले अंग यांतून येतो, आणि तरीही तो आध्यात्मिकच आहे.

सुमित्रा भावे यांचा ‘द डिसायपल’शीही एक संबंध आहे, जो अनेकांच्या लक्षात आला नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या या चित्रपटात ‘माई’ नावाची एक गायिका आहे. ती दिसत नाही. तिची जुनी ध्वनिमुद्रित व्याख्याने तेवढी नायकाच्या कानांत सतत चालू असतात. तो आवाज भावे यांचा आहे. मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून रात्री संथपणे मोटारसायकल चालवणारा शरद नेरूळकर आणि त्याच्या कानातला तो शांत, कठोर आवाज, हे या चित्रपटाचे सर्वांत लक्षात राहणारे दृश्य.

२०२० च्या व्हेनिस महोत्सवात ‘द डिसायपल’ला सर्वोत्कृष्ट पटकथेचे पारितोषिक मिळाले आणि आंतरराष्ट्रीय समीक्षकांच्या संघटनेचेही. हॉलिवूडमध्ये नाव कमावलेले मेक्सिकन दिग्दर्शक अल्फोन्सो क्वारोन त्याचे कार्यकारी निर्माते होते. इतके असूनही गोव्यातल्या संगीतरसिकांच्या घरांत हा चित्रपट जेवढा पोहोचायला हवा होता तेवढा पोहोचला, असे वाटत नाही. वास्तविक त्याची एक वाट थेट सांगे तालुक्यातून जाते. शरदच्या गुरुजींची भूमिका करणारे अरुण द्रविड हे प्रत्यक्षातही गायक आहेत. त्यांना मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरी आमोणकर यांची तालीम लाभली. मोगूबाईंचे कुर्डी गाव साळावलीच्या धरणात बुडाले, हे गोव्यात वेगळे सांगायला नको. शरद झालेला आदित्य मोडकही शिकलेला गायक आहे. त्यामुळे येथे गाणे ओठ हलवून उरकलेले नाही. स्वर लागत नाही तेव्हा तो खरोखर लागत नाही, आणि मैफलीतल्या दहा-पंधरा श्रोत्यांच्या चेहऱ्यांवर ते दिसते. निष्ठा आहे, रियाज आहे, पण प्रतिभा बेताचीच आहे, अशा माणसाने आयुष्याचे काय करावे? संगीतावरच्या चित्रपटांना हा प्रश्न सहसा नकोसा वाटतो.

‘फोटोप्रेम’ या मानाने हलकाफुलका. छायाचित्र काढून घ्यायला घाबरणाऱ्या एका मध्यमवयीन गृहिणीच्या लक्षात येते, की आपल्यामागे भिंतीवर लावायला आपला एकही धड फोटो नाही. नीना कुळकर्णी यांच्यासाठी तो पाहावा.

चित्रपटगृहे बंद असताना असे झाले, हे समजू शकते. ती उघडल्यावर काय झाले? याचे उत्तर ‘गोदावरी’ देते, आणि त्याचा पूर्वार्ध पणजीत घडला. नोव्हेंबर २०२१ च्या ५२व्या इफ्फीत निखिल महाजन यांच्या या चित्रपटासाठी जितेंद्र जोशी यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा रौप्यमयूर मिळाला. दिग्दर्शकाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. सामान्य प्रेक्षकांसाठी मात्र तो प्रदर्शित व्हायला ११ नोव्हेंबर २०२२ उजाडला. पुढे २०२३ मध्ये जाहीर झालेल्या ६९व्या राष्ट्रीय पुरस्कारांत महाजन देशातले सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक ठरले. म्हणजे पणजीत टाळ्या पडल्या तेव्हा चित्रपट तिकीट काढून पाहता येत नव्हता, आणि राष्ट्रीय पुरस्काराची बातमी आली तेव्हा तो चित्रपटगृहांतून कधीच उतरला होता. नाव गाजते त्या दिवशी चित्रपट हाताशी नसतो.

नाशिकच्या घाटावरची भाडी वसूल करत फिरणारा निशिकांत देशमुख घरापासून, नदीपासून आणि सगळ्या परंपरेपासून चिडून दूर राहतो. आपल्या हातात फार दिवस नाहीत हे कळल्यावर तो घराकडे वळतो. विक्रम गोखले, संजय मोने, नीना कुळकर्णी अशी भक्कम साथ त्याला आहे. दिवंगत दिग्दर्शक निशिकांत कामत यांच्या आठवणीतून हा चित्रपट उभा राहिला. नायकाचे नाव त्यावरूनच आले. संवाद काही ठिकाणी नदीपेक्षाही जास्त वाहतात, हा त्याचा दोष. जोशी गप्प असतात ती दृश्ये मात्र विसरता येत नाहीत.

चित्रपटगृहांचा हिशेब साधा आणि निर्दय आहे. शुक्रवारी चित्रपट लागतो, रविवारपर्यंतची तिकीटविक्री पाहिली जाते आणि सोमवारपासून खेळ कमी होऊ लागतात. मोठी जाहिरात नसलेल्या चित्रपटाची माहिती तोंडी पसरायला किमान आठवडाभर लागतो. तोवर त्याला दुपारचा एखादा अडनिडा खेळ उरतो. नोकरदाराने तो पाहायचा कसा? २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला प्राइम टाइमचा खेळ देणे बंधनकारक केले. नंतर प्राइम टाइमची व्याख्याच दुपारी बारापासून ताणली गेली, त्यामुळे नियमाचा अर्थ बराच पातळ झाला. तो जसा आहे तसाही पत्रादेवीच्या अलीकडे लागू नाही. गोव्यात किंवा बेळगावात मराठी चित्रपट टिकतो तो केवळ पहिल्या तीन दिवसांच्या तिकिटांवर.

असे चित्रपट म्हणजे दोन तासांची उदासी, हा समजही त्यांच्या आड येतो. तो खोडायला आशिष बेंडे यांचा ‘आत्मपॅम्फ्लेट’ पुरेसा आहे. परेश मोकाशी यांनी लिहिलेली ही एका शाळकरी मुलाच्या एकतर्फी प्रेमाची गोष्ट. देशाचा इतिहास, जात आणि धर्म त्या प्रेमात पुनःपुन्हा तंगडे घालतात आणि चित्रपट त्यावर खदखदून हसतो. बर्लिन महोत्सवात दाखवला गेल्यानंतर तो ऑक्टोबर २०२३ मध्ये लागला आणि फारसा गाजावाजा न होता गेला. बेंडे यांना पदार्पणासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला, तो ऑगस्ट २०२५ मध्ये. क्रम पुन्हा तोच.

जयंत दिगंबर सोमलकर यांचा ‘स्थळ’ही हसवतो, पण ते हसू लवकरच घशात अडकते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, बहुतांशी गावातल्याच माणसांना घेऊन तो चित्रित झाला. सविताला शिकायचे आहे. घरी मात्र एकामागून एक स्थळे येतात. चौरंग, पोहे, तेच प्रश्न : नाव काय, शिक्षण किती, उंची किती. हा प्रसंग चित्रपटात इतक्या वेळा येतो, की प्रेक्षकालाच त्या चौरंगावर बसल्यासारखे वाटू लागते. ही पुनरावृत्ती काहींना कंटाळवाणी वाटली. पण तो कंटाळा सविताचा आहे. बाप कापूस पिकवणारा शेतकरी, त्यामुळे हुंड्याचा आकडा आणि कापसाचा भाव हे एकाच हिशेबात येतात. २०२३ च्या टोरांटो महोत्सवात पारितोषिक मिळवलेला हा चित्रपट मार्च २०२५ मध्ये महिलादिनाच्या तोंडावर प्रदर्शित झाला.

आणि ‘दशावतार’ची गर्दी ऐन भरात असताना, बरोबर एका आठवड्याने, १९ सप्टेंबर २०२५ रोजी आलेला ‘साबर बोंडं’. रोहन परशुराम कानवडे यांच्या या पहिल्याच चित्रपटाने त्या वर्षी अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागातले सर्वोच्च पारितोषिक मिळवले होते. देशात तो आणण्यासाठी पुढे आले ते हैदराबादचे अभिनेते-निर्माते राणा दग्गुबाती. मुंबईत राहणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी आईबरोबर गावी येतो. लग्न का करत नाहीस, या नातेवाइकांच्या प्रश्नाचे खरे उत्तर त्याला देता येत नाही. त्याला पुरुषच आवडतात, हे आईवडिलांना ठाऊक आहे. त्या दहा दिवसांत त्याला भेटतो बाळ्या, लहानपणचा मित्र, आता शेती करणारा. साबर बोंडं म्हणजे निवडुंगाची लाल फळे. काटे काढले तरच खाता येतात. बाळ्या ती आनंदसाठी आणतो. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. शेळ्या, वारा, भांडी आणि बायकांचे दबके बोलणे एवढेच ऐकू येते. त्यामुळे तो मोबाइलवर, प्रवासात पाहू नये. रात्री, घरातली निजानीज झाल्यावर, दिवे मालवून पाहावा.