आधी अंतर, मग नाव

चौलला लागून असलेल्या रेवदंड्याच्या कोटात आज माडांच्या वाड्यांमधून चर्चच्या पडक्या भिंती दिसतात. 1740 मध्ये हा कोट मराठ्यांकडे आला आणि इथला पोर्तुगीज अंमल संपला. गोव्यात तो 1961 पर्यंत टिकला. या फरकाचा संगीतावर झालेला परिणाम इतिहासाच्या पुस्तकांत सहसा येत नाही. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून लहान मुले सोल्फा शिकत, म्हणजे पाच रेषांवरचे स्वर पाहून गात. म्हणूनच मुंबईच्या स्टुडिओंत संगीतकाराने पेटीवर ऐकवलेली चाल कागदावर उतरवून वादकांसमोर ठेवण्याचे काम अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा अशा गोमंतकीयांकडे गेले. आपल्या किनाऱ्यावर पेटी आणि भजने रुजली, कागद वाचायची सवय रुजली नाही. आता घरात कीबोर्ड येतो, मूल पियानोच्या क्लासला जाते, आणि ते वाचन शिकवायचे कसे हा प्रश्न पहिल्याच महिन्यात उभा राहतो.

बहुतेक ठिकाणी सुरुवात नावांपासून होते. पाच रेषांची नावे एका इंग्रजी वाक्याच्या आधाराने पाठ करायची, मग प्रत्येक टिंबाशी थांबून खालून मोजत यायचे. माझ्या मते घोटाळा इथेच होतो, आणि मराठी घरात तो अधिक सहज होतो, कारण आपली स्वरलिपी नावांचीच आहे. भातखंडे यांच्या लिपीत सा, रे, ग ही अक्षरेच लिहिलेली असतात. मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. तिथे नाव दिसते, स्वराची उंची मनाने समजून घ्यावी लागते. पाच रेषांचे नेमके उलटे आहे: उंची डोळ्यांना दिसते, नाव कुठेच लिहिलेले नसते. जे कागदावर नाही ते आधी शोधायला लावायचे आणि जे ढळढळीत दिसते त्याकडे दुर्लक्ष करायचे, असा हा उफराटा कारभार आहे. अकराव्या शतकात इटलीतल्या ग्विदो दारेझ्झो याने रेषा आणि गाण्याची अक्षरे यांची सांगड घातली ती न ऐकलेले भजन मुलांना पाहून गाता यावे म्हणून. त्याच्या पद्धतीत डोळा आणि गळा बरोबर चालत. जॉन स्लोबोडा या मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात वाजवता वाजवता वादकांसमोरचा कागद अचानक दिसेनासा केला, तेव्हा चांगले वाचक पुढचे सहा-सात स्वर वाजवूनच थांबले. एकेक नाव उच्चारत जाणाऱ्याची नजर इतकी पुढे जाऊच शकत नाही. त्यासाठी स्वरांचा गट एकदम दिसावा लागतो.

मग मुलाला द्यायचे काय? खुणेचे तीन स्वर पुरेत. दोन्ही पंचरेषांच्या मधल्या आखूड रेषेवरचा मिडल सी, म्हणजे पेटीवाल्यांची पांढरी एक. त्याच्या वर, ट्रेबल क्लेफचे वेटोळे ज्या रेषेभोवती फिरते, तिथे जी. खाली, बास क्लेफची दोन टिंबे जिला कवेत घेतात, त्या रेषेवर एफ. मिडल सी धरून मोजले तर दोन्ही पाचव्या पट्टीवर येतात. बाकी सारे अंतर. रेषेवरून लगतच्या मोकळ्या जागेत गेलो तर शेजारची पांढरी पट्टी. रेषेवरून पुढच्या रेषेवर गेलो तर मधली एक सोडायची, जसे सा वरून ग. एक अडचण खरी आहे: कागदावर वर म्हणजे पियानोवर उजवीकडे, हे लहान मुलाला आपोआप उमगत नाही. म्हणून पट्टीला हात लावण्याआधी ती ओळ हात वरखाली करत गाऊन घ्यावी. सरगम येणारे मूल इथे आघाडीवर असते.

यावर आक्षेप येतो की सा हलता असतो आणि सी पक्का, मग गोंधळ होणार. होतो, पण थोडा. पांढरी पाचला सा धरून वाजवायचे तर शुद्ध नीसाठी एफ सोडून त्याच्या उजवीकडची काळी पट्टी घ्यावी लागते. भजनात पट्टी बदलताना पाहिलेल्या मुलाला हे नवे नाही. परीक्षेत नावे विचारतात हेही खरे, पण दोन-तीन महिने अंतराने वाचलेल्या मुलाला नावे पाठ करायला फार वेळ लागत नाही. सर्वांत वजनदार आक्षेप सुझुकी पद्धतीच्या अनुभवातून येतो. शिनिची सुझुकी यांनी ऐकून वाजवणे आधी ठेवले आणि वाचन लांबवले. त्यामुळे कानाने तयार झालेली काही मुले कागदाकडे पाहायचा कंटाळा करतात. हा धोका मान्य करावा. पण त्यावर उपाय नावांची घोकंपट्टी हा नव्हे. ऐकलेली गाणी वाजवण्यासाठी वेगळी ठेवावीत, आणि वाचायला रोज दोन ओळी पूर्ण अनोळखी द्याव्यात, सोप्या इतक्या की मूल न थांबता शेवटापर्यंत जाईल.

पालकांना एवढीच विनंती: कीबोर्डवरची अक्षरांची स्टिकरे आजच काढा, आणि पुस्तकात टिंबांखाली पेन्सिलीने लिहिलेली नावे खोडून टाका. ती तिथे आहेत तोवर मूल तीच वाचणार.