पिकाची पैसेवारी : गावाच्या हंगामाचे माप

‘यंदा पीक किती आणे?’ हा प्रश्न आपल्या खेड्यापाड्यांतील जुनी मंडळी सहज विचारीत. रुपयाचे आणे सोळा; म्हणून भरघोस पीक ते सोळा आणे आणि निम्मे पीक ते आठ आणे. १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणेपद्धती सुरू झाली आणि कालांतराने ‘आणेवारी’ची ‘पैसेवारी’ झाली. नाव पालटले, परंतु त्या आकड्याचे शेतकऱ्याच्या जीवनातील महत्त्व कमी झाले नाही.

हा आकडा किती मोलाचा असतो, याची साक्ष इतिहासात आहे. गुजरातमधील खेडा जिल्हा पूर्वी मुंबई इलाख्यात होता. १९१७ मध्ये अतिवृष्टीने तेथील पीक बुडाले. पीक चार आणे किंवा त्याहून कमी आल्यास त्या वर्षीची सारावसुली तहकूब करावी, असा नियम होता. शेतकरी म्हणत, पीक चार आण्यांहून कमी आहे. सरकारी अधिकाऱ्यांची आणेवारी त्याहून अधिक होती. निःपक्ष चौकशीची मागणी अमान्य झाली, तेव्हा २२ मार्च १९१८ रोजी महात्मा गांधींच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. वल्लभभाई पटेल त्यात अग्रभागी होते. ऐपत असणाऱ्यांनी सारा भरावा व गरिबांची वसुली तहकूब व्हावी, अशी तडजोड होऊन तो लढा जून महिन्यात संपला. वादाच्या मुळाशी होता तो आणेवारीचा आकडा.

पैसेवारी काढण्याची रीत तत्त्वतः सोपी आहे. शिवारातील चांगल्या, मध्यम व हलक्या प्रतीच्या जमिनीत ठरावीक मापाचे भूखंड निवडून त्यांतील पीक कापले जाते व उत्पन्न तोलले जाते. हे उत्पन्न त्या पिकाच्या प्रमाण उत्पन्नाशी ताडून शेकड्यात मांडले की पैसेवारी निघते. समजा, प्रमाण उत्पन्न हेक्टरी १२ क्विंटल आहे आणि प्रत्यक्षात ५.४ क्विंटल आले. तर त्या पिकाची पैसेवारी ४५ पैसे झाली. ५० पैशांहून कमी पैसेवारीचे गाव टंचाईग्रस्त मानण्याचा प्रघात महाराष्ट्रात रूढ झाला. जमीन महसुलात सूट, शेतीकर्जाच्या वसुलीस स्थगिती, कृषिपंपांच्या वीजबिलात सवलत, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफी, रोजगार हमीच्या कामांच्या निकषांत शिथिलता अशा सवलती टंचाई जाहीर झाल्यावर मिळतात. पाचदहा पैशांच्या फरकावर किती कुटुंबांचे वर्ष अवलंबून असते, हे यावरून ध्यानात यावे.

या पद्धतीत एक उणीव होती. अंतिम पैसेवारी कापणीनंतर ठरते. साहजिकच मदतीचा निर्णय लांबतो. म्हणून केंद्र शासनाच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत पर्जन्यमान, पेरणीक्षेत्र, उपग्रहाद्वारे दिसणारी पिकांची स्थिती, जमिनीतील ओलावा आणि जलसाठे हे निर्देशांक स्वीकारण्यात आले. त्यानुसार महाराष्ट्रात ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. तथापि, उपग्रहाने दाखविलेल्या चित्राची खातरजमा निवडक गावांच्या शेतांत जाऊनच करावी लागते. पैसेवारीही दरवर्षी काढली जातेच.

तात्पर्य, साधने कितीही सुधारली तरी अखेरची कसोटी बांधावरच होते. भूखंड निवडताना व पीक तोलताना पंचायत सदस्यांनी आवर्जून हजर राहावे. जाहीर झालेल्या आकड्याबद्दल शंका असल्यास मुदतीत हरकत नोंदवावी. शिक्षकांनी शेकडेवारीचा धडा शिकविताना गावच्या पैसेवारीचेच उदाहरण घ्यावे. अधिकाऱ्यांनी आकडा कसा निघाला हे ग्रामस्थांना समजावून सांगावे. आकडा फुगविला तर गरजू उपाशी राहतो. घटविला तर दुसऱ्या गरजू गावाचा वाटा जातो. माप खरे असेल, तरच मदत योग्य दारी पोहोचेल.